बोटीवरची वीज: आधी मोजा, मग यंत्र बदला

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे मासेमारी नौकांसाठीच्या संपर्क यंत्रणेची देशव्यापी सुरुवात पंतप्रधानांच्या हस्ते झाली. सुमारे ३६० कोटी रुपयांच्या या योजनेत १३ किनारी राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या एक लाख नौकांवर टप्प्याटप्प्याने ट्रान्सपाँडर बसवायचे आहेत. इस्रोने विकसित केलेल्या या यंत्रामुळे मोबाइलची रेंज संपल्यावरही बोट आणि किनारा यांच्यात उपग्रहामार्फत दुहेरी संपर्क राहू शकतो. त्याच कार्यक्रमात वाढवण बंदराची पायाभरणी झाली. त्या बंदराला इथल्या मच्छीमारांचा असलेला विरोध हा स्वतंत्र आणि गंभीर विषय आहे. इथे विचार करायचा आहे तो या यंत्रांचाच. वसई-विरार किनाऱ्यावरच्या अर्नाळा, पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव इथल्या बोटींवर आता जीपीएस, फिश फायंडर, व्हीएचएफ वायरलेस, दिशादर्शक दिवे आणि त्यात भर म्हणून ट्रान्सपाँडर अशी यंत्रे वाढत आहेत. ही सगळी यंत्रे ज्या विजेवर चालतात ती वीज मात्र कुठल्याही योजनेत मोजली जात नाही. ती येते इंजिनाजवळ ठेवलेल्या बॅटरीतून, बोटभर फिरवलेल्या तारांतून आणि टेप गुंडाळलेल्या सांध्यांतून. बोटीवरचे यंत्र बंद पडले की पहिला संशय यंत्रावर जातो. तो आधी विजेच्या वाटेवर जायला हवा, आणि ती वाट यंत्र चालू असताना मोजायला हवी, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

हे म्हणणे पटायला एका नेहमीच्या तक्रारीपासून सुरुवात करता येईल. वायरलेसवर दुसऱ्या बोटींचे बोलणे स्पष्ट ऐकू येते, पण आपण बटण दाबून बोलायला गेलो की पडदा मंदावतो, सेट बंद होऊन पुन्हा चालू होतो किंवा आपला आवाज पलीकडे पोचतच नाही. सेट बिघडला असे समजून तो दुरुस्तीला जातो. दुकानातल्या टेबलावर, चांगल्या वीजपुरवठ्यावर तो बिनचूक चालतो. बोटीवर परत जोडला की पुन्हा तीच रड. याचे कारण त्या सेटच्या भुकेत आहे. ऐकताना साधारण अर्धा अँपिअर किंवा त्याहून कमी वीज त्याला पुरते. २५ वॉटच्या पूर्ण ताकदीने बोलताना मात्र पाच ते सहा अँपिअर लागतात. म्हणजे बटण दाबताच मागणी दहापटीहून अधिक वाढते. तार पातळ असेल किंवा एखादा सांधा गंजलेला असेल, तर अर्ध्या अँपिअरला तो अडथळा जाणवत नाही आणि सहा अँपिअरला तो भिंतीसारखा आडवा येतो.

याचा हिशेब शाळेत शिकलेल्या ओहमच्या नियमाने करता येतो. समजा, बॅटरीपासून केबिनपर्यंत आठ मीटर अंतर आहे. वीज जाते आणि परत येते, म्हणून तारेची लांबी धरायची सोळा मीटर. घरच्या दिव्यांना वापरतात तशी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार असेल, तर एवढ्या लांबीचा रोध साधारण ०.१८ ओहम भरतो. त्यातून सहा अँपिअर वाहू लागले की १.१ व्होल्ट तारेतच खर्च होतात. बॅटरीवर १२.४ व्होल्ट असतील तर सेटला मिळतात ११.३. या प्रकारचे बहुतेक सेट १३.६ किंवा १३.८ व्होल्ट धरून बनवलेले असतात आणि साधारण ११.७ व्होल्टच्या खाली त्यांची हमी संपते. हीच तार सहा चौरस मिलिमीटरची असती तर तूट ०.३ व्होल्टच्या आत राहिली असती. आता याच वाटेवर एक गंजलेला सांधा आहे आणि त्याचा रोध फक्त ०.२ ओहम आहे असे धरा. तो एकटा आणखी १.२ व्होल्ट खातो आणि सात वॉट उष्णता तयार करतो. वाकून हात लावला तर तो सांधा कोमट लागेल. म्हणजे सेट निर्दोष, बॅटरीही ठीक, आणि तरी संकटात हाक जाणार नाही.

येथेच तपासणीची नेहमीची पद्धत फसते. वायरमन यंत्राची जोडणी सोडतो, उघड्या टोकांना मीटर लावतो आणि १२.४ व्होल्ट दिसले की वीज बरोबर आहे असे सांगतो. वसई-विरारच्या कुठल्याही इमारतीत अर्धवट तुंबलेल्या नळाचा अनुभव असतो: तोटी बंद असताना पाइपात दाब पुरेपूर भरतो, तोटी उघडली की धार करंगळीएवढी. मीटर स्वतः जवळपास काहीच वीज ओढत नाही, म्हणून त्याला तोटी बंद असतानाचा दाब दिसतो. शंभर धाग्यांच्या तारेतले नव्व्याण्णव धागे तुटून एकच शिल्लक असला तरी मीटरवर आकडा पूर्ण येतो, आणि जोड तपासण्याची शिटीही वाजते. म्हणून मोजमाप भार चालू असतानाच करायचे. याची सोपी रीत अशी: मीटर डीसी व्होल्टवर ठेवावा, एक टोक थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरे यंत्रामागच्या पॉझिटिव्हवर टेकवावे आणि सोबत्याला वायरलेसचे बटण दाबायला सांगावे. मीटरवर जो आकडा येईल तेवढे व्होल्ट त्या वाटेत हरवत आहेत. मग हेच निगेटिव्हच्या बाजूला करावे. निगेटिव्हची तार तपासायची राहून जाते, आणि दोष तिथेच असण्याची शक्यता तेवढीच असते. बोटींच्या वीजजोडणीत जगभर पाळला जाणारा दंडक असा की संपर्क आणि दिशादर्शनाच्या यंत्रांसाठी एकूण तूट तीन टक्क्यांहून जास्त नसावी; बारा व्होल्टवर ती ०.३६ व्होल्ट होते. दोन्ही बाजूंची तूट मिळून त्याहून जास्त आली तर मीटरचे टोक एकेका सांध्यापाशी सरकवत जावे. ज्या सांध्याच्या अलीकडे आणि पलीकडे आकडा एकदम बदलतो, तो गुन्हेगार.

समुद्रावर हे सांधे इतक्या लवकर का जातात, याचे उत्तर खाऱ्या पाण्यात आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. असे पाणी वीज वाहून नेते आणि तांब्याला गंजवते. टर्मिनलवर साचणारा हिरवट पापुद्रा हा त्याच गंजाचा. पाणी फक्त बाहेरून हल्ला करत नाही. बारीक धाग्यांच्या तारेत ते वातीत तेल चढावे तसे आत शिरते. वरून तार धड दिसते, सोलून पाहिली तर आतले तांबे फूटभर काळे पडलेले असते. अशा काळ्या तांब्यावर नवा लग (तारेच्या टोकाची धातूची टोपी) बसवला तरी जोड पक्का होत नाही. लखलखीत तांबे लागेपर्यंत तार कापत जावी लागते. दुसरा शत्रू म्हणजे इंजिनाची थरथर. घरांच्या भिंतीत वापरायची एकसंध तांब्याची तार बोटीवर सतत हलत राहते आणि लगजवळ तुटते. तिसरा शत्रू आपणच तयार करतो. दोन तारा पिळून त्यावर काळी टेप गुंडाळली की तो सांधा काही दिवस उत्तम चालतो. नंतर टेपचा गोंद उन्हाने सुटतो आणि टेपच्या आत खारे पाणी धरून राहते. कथिलाचा मुलामा दिलेली बहुधागी तार, दाबयंत्राने दाबलेला लग आणि त्यावर आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी नळी, ही या तिन्हींवरची एकत्र तोड आहे. तार यंत्रात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ दिला तर वरून ओघळणारे पाणी यंत्रात न जाता झोळावरून खाली टपकते. या उपायाला एक पैसाही लागत नाही.

आता बॅटरीकडे येऊ. साध्या शिसे-आम्लाच्या बारा व्होल्टच्या बॅटरीला चार्जिंग थांबवून काही तास विश्रांती दिल्यावर १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे. १२.२ च्या आसपास ती निम्मी रिकामी झालेली असते आणि ११.८ ला जवळपास संपलेली. बारा व्होल्टची बॅटरी बारा व्होल्ट दाखवते म्हणजे ती ठीक आहे हा समज म्हणूनच घातक आहे. विश्रांतीनंतर बरोबर १२ दाखवणारी बॅटरी तीन चतुर्थांश रिकामी असते. दुसरी गोष्ट, ट्रकची बॅटरी आणि बोटीवर लागणारी बॅटरी यांचे काम वेगळे आहे. ट्रकच्या बॅटरीतल्या पट्ट्या पातळ असतात, कारण तिला सेल्फ मारताना काही सेकंद प्रचंड वीज द्यायची असते आणि लगेच अल्टरनेटर ती भरून काढतो. रात्रभर नांगरावर पडलेल्या बोटीत मात्र इंजिन बंद असते आणि दिवे, वायरलेस, जीपीएस, ट्रान्सपाँडर मिळून समजा चार अँपिअर खातात. दहा तासांत ४० अँपिअर-तास गेले. ८० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी रिकामी झाली. जुनी होऊन तिची खरी क्षमता ५० वर आलेली असेल तर सकाळी सेल्फ फिरणार नाही. असे वारंवार खोल उपसणे पातळ पट्ट्यांना मानवत नाही आणि बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटते.

याच गोष्टीतून दुसरी ओळखीची तक्रार उलगडते: इंजिन सुरू करताना जीपीएसचा पडदा काळा होतो आणि यंत्र नव्याने सुरू होते. सेल्फची मोटर शेकडो अँपिअर ओढते, त्या क्षणी बॅटरीचा दाब दहा व्होल्टपर्यंत किंवा त्याच्याही खाली घसरतो आणि जीपीएसला ते पुरत नाही. हा यंत्राचा दोष मानून यंत्र बदलले तर नवे यंत्रही तेच करेल. उपाय दोन बॅटऱ्यांचा आहे: एक फक्त सेल्फसाठी, दुसरी जाड पट्ट्यांची फक्त यंत्रांसाठी. दोन्ही एकाच अल्टरनेटरवर चार्ज व्हाव्यात, पण एकीचा उपसा दुसरीला लागू नये, अशी जोडणी करणारे स्विच आणि आयसोलेटर बाजारात मिळतात. यंत्रांची बॅटरी संपली तरी इंजिन सुरू होते, आणि इंजिन सुरू होत नसेल तरी वायरलेस जिवंत राहतो. समुद्रावर या दोन गोष्टींची किंमत फार मोठी आहे. केबिनच्या छतावर शंभर वॉटचे सोलर पॅनेल असेल तर चांगल्या उन्हात दिवसाला पंचवीस-तीस अँपिअर-तास परत मिळतात, म्हणजे वरच्या उदाहरणातल्या रात्रीच्या खर्चाच्या निम्म्याहून अधिक.

मोठ्या इंजिनांच्या बोटींवर आणखी एक चूक घर करून बसते. तिथे दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात आणि यंत्रे मात्र १२ व्होल्टची असतात. मग दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्टची तार काढली जाते. वरवर हे चालते. पण अल्टरनेटर दोघींना मिळून २८ व्होल्टच्या आसपास देतो आणि त्यांची वाटणी समान राहत नाही. जिच्यावर यंत्रे आहेत ती कायम उपाशी राहते आणि जिच्यावर नाहीत तिला गरजेपेक्षा जास्त मिळते. एकीत गंधकाचे क्षार पट्ट्यांवर घट्ट बसतात, दुसरीचे पाणी उकळून आटते. एका हंगामात दोन्ही जातात, आणि दोष बॅटरीच्या कंपनीला दिला जातो. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर दोन्ही बॅटऱ्यांवर सारखा भार टाकतो आणि तो एका नव्या बॅटरीपेक्षा महाग पडत नाही.

आपल्या किनाऱ्यावर याला ऋतूचीही जोड आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. बोटी वर ओढल्या जातात किंवा खाडीत बांधल्या जातात आणि पावसाची दमट हवा सगळ्या टर्मिनलांवर काम करत राहते. बॅटरी न वापरताही स्वतःहून रिकामी होत असते. साध्या बॅटरीत हा ऱ्हास महिन्याला दहा टक्क्यांच्या आसपास आणि उष्ण हवेत त्याहून अधिक असतो. जूनच्या सुरुवातीला निम्मी रिकामी बॅटरी तशीच बोटीत सोडली तर ऑगस्टमध्ये ती चार्ज होते असे वाटते, पण तिची साठवण हरवलेली असते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन बोटी निघतात तेव्हा दर्या अजून शांत झालेला नसतो, आणि नेमक्या त्याच फेऱ्यांत वर्षातली सर्वांत कमकुवत वीज सोबत असते. बंदीच्या काळात बॅटरी घरी आणणे, तिचे टर्मिनल गरम पाण्याने धुऊन कोरडे करून व्हॅसलीन लावणे, पाण्याची पातळी पाहून डिस्टिल्ड वॉटर घालणे आणि महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करणे एवढ्याने हे टळते. जाळी दुरुस्त करण्याइतकेच हे पावसाळ्याचे काम मानले पाहिजे.

काही दोष वीज कमी पडण्याचे नसतात. वीज भलत्या वाटेने जाण्याचे असतात. बोटीच्या तळात साचणाऱ्या पाण्यात बिल्ज पंपाची तार उघडी पडली, तर वीज त्या पाण्यातून आणि ओल्या लाकडातून पंख्याच्या दांड्याकडे वाट शोधते. बॅटरी रात्रीतून उतरते, आणि त्याहून वाईट म्हणजे पंखा, दांडा, सुकाणूचे खिळे यांचा धातू वीज खाऊन टाकते. याची परीक्षा अशी: सगळी बटणे बंद करावीत, मीटर अँपिअरवर ठेवावा, बॅटरीची पॉझिटिव्ह तार काढून मीटर मध्ये जोडावा. या वेळी सेल्फ मारू नये, मीटर जळेल. आकडा शून्याजवळ हवा. तसा नसेल तर एकेक फ्यूज काढत जावे. जो काढल्यावर आकडा पडतो त्या वाटेत गळती आहे. फ्यूजबद्दलही एक गैरसमज आहे. फ्यूज मुख्यतः तारेला वाचवतो, म्हणून तो बॅटरीच्या जितका जवळ तितका उपयोगी. उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याचा धागा अडकवणे म्हणजे पुढच्या शॉर्टसर्किटला तारेलाच पेटायला सांगणे आहे. डिझेल, लाकूड आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन हे सगळे तिथेच असते. होकायंत्राजवळून तारा नेल्या असतील तर दिवा लावताच सुई हलते का तेही पाहावे. हलत असेल तर जाणारी आणि येणारी तार एकमेकींत पिळून न्यावी. दोघींची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना खोडतात. स्वस्त एलईडी दिवे आणि इनव्हर्टर यांनी वायरलेसमध्ये खरखर येते. तीही एकेक वस्तू बंद करून शोधता येते.

या सगळ्यावर काही आक्षेप घेतले जातील आणि ते रास्त आहेत. पहिला आक्षेप असा की यंत्रेही खरोखरच बिघडतात. निश्चित बिघडतात: आत पाणी शिरते, अँटेनाची केबल सडते, सुटे भाग जळतात. पण मोजमापाचा उपयोग तिथेही आहे. यंत्रामागे, ते पूर्ण ताकदीने चालू असताना, १२.५ व्होल्ट मिळत आहेत आणि तरी काम होत नाही असे दिसले, की विजेची वाट निर्दोष ठरते. मग अँटेना आणि शेवटी यंत्र एवढेच संशयित उरतात, आणि दुरुस्तीला नेताना दुकानदाराला नेमके सांगता येते. न मोजता नेलेल्या यंत्राबद्दल दोन्ही बाजू अंदाजच बांधत राहतात. दुसरा आक्षेप अनुभवाचा: नवी बॅटरी टाकली की सगळे सुरळीत होते, मग दोष बॅटरीचाच. यातले निरीक्षण खरे आहे, निष्कर्ष अपुरा आहे. नव्या बॅटरीचा दाब अर्धा-पाऊण व्होल्ट जास्त असतो आणि तो तारेतली तूट काही काळ भरून काढतो. गंज आपल्या गतीने वाढत राहतो आणि काही महिन्यांनी तीच तक्रार परत येते. बॅटरी फार लवकर लवकर बदलावी लागत असेल तर ते स्वतःच तारेकडे किंवा अल्टरनेटरकडे बोट दाखवणारे चिन्ह समजावे.

तिसरा आक्षेप जुन्या तांडेलांचा आणि तो आदराने ऐकण्यासारखा आहे. किनाऱ्यावरच्या खुणा, तारे, पाण्याचा रंग, भरती-ओहोटीची चाल आणि दोरीने मोजलेले वाव यांवर पिढ्यान्‌पिढ्या धंदा झाला. यंत्र बंद पडले तर काय बिघडते? ती विद्या जपलीच पाहिजे आणि होकायंत्र बोटीवर असलेच पाहिजे. पण आज परिस्थिती दोन बाबतींत वेगळी आहे. मुंबई आणि न्हावाशेवा बंदरांकडे जाणारी मोठी जहाजे याच पाण्यातून जातात. दिवे मंदावलेली लहान बोट रात्री त्यांना दिसत नाही. शिवाय हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून मिळणारी माशांच्या संभाव्य जागांची माहिती अक्षांश-रेखांशांत येते, आणि पालघर जिल्ह्यातले अनेक खलाशी गुजरातच्या बोटींवरही जातात, जिथे सागरी सीमा ओलांडण्याचा धोका खरा आहे. जी पिढी जीपीएसवर जागा शोधायला शिकली आहे तिच्यासाठी ते अचानक बंद पडणे हे मुळातच ते नसण्यापेक्षा अधिक धोक्याचे आहे. वैतरणेच्या किंवा वसईच्या खाडीच्या मुखाशी ओहोटीच्या वेळी, रात्री परतणाऱ्या बोटीला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

चौथा आक्षेप असा की संकटाचा इशारा देणारी यंत्रे स्वतःच्या बॅटरीवर चालतात, म्हणून बोटीच्या विजेची एवढी काळजी नको. इस्रोचा डॅट हा संकट-संदेश पाठवणारा संच बोटीच्या विजेवर अवलंबून नसतो, आणि तो तसाच असला पाहिजे. त्याच्या बॅटरीची मुदत पाहणे मात्र आपले काम आहे. पण तो शेवटचा उपाय आहे. वादळाची सूचना ऐकणे, शेजारच्या बोटीला बोलावणे, चॅनेल १६ वर मदत मागणे हे त्याच्या आधीचे उपाय बोटीच्या विजेवरच चालतात. २०१७ च्या ओखी चक्रीवादळात खोल समुद्रात गेलेल्या अनेक बोटींपर्यंत इशारा पोचलाच नाही आणि दक्षिणेत मोठी जीवितहानी झाली. इशारा पोचवणारी साखळी उपग्रहापासून सुरू होत असली, तरी तिची शेवटची कडी बोटीवरचा तो गंजलेला किंवा न गंजलेला सांधा आहे. मोठ्या जहाजांच्या बाबतीत जगाने हे केव्हाच मान्य केले. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१४ मध्ये सोलास हा सागरी सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या आजच्या नियमांत रेडिओसाठी स्वतंत्र राखीव वीज सक्तीची आहे: जहाजावर नियमानुसारची आपत्कालीन वीजव्यवस्था असेल तर एक तास, नसेल तर सहा तास पुरेल एवढी. म्हणजे त्या कायद्याने रेडिओ आणि त्याची वीज वेगळी मानलीच नाही. लहान मासेमारी बोटींना तो करार लागू नाही, पण त्यामागचा विचार लागू व्हायला काहीच हरकत नाही.

उरतो प्रश्न खर्चाचा आणि वेळेचा. डिजिटल मल्टीमीटर काही शे रुपयांत मिळतो. त्यावर पाच आकडे पाहायचे. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी बॅटरी: १२.५ किंवा त्याहून जास्त. सेल्फ मारताना: साडेनऊच्या खाली नको. इंजिन चालू असताना बॅटरीवर: १३.८ ते १४.४; तेराच्या आसपासच राहिले तर अल्टरनेटरचा पट्टा आणि जोडण्या पाहाव्यात, पंधराकडे झुकले तर रेग्युलेटर गेला आहे आणि यंत्रे जळण्याआधी तो बदलावा. वायरलेसचे बटण दाबून बॅटरी ते सेट यांतली तूट: ०.३६ च्या आत. सगळे बंद असताना गळती: शून्याजवळ. चोवीस व्होल्टच्या बोटीला दाबाचे आकडे दुप्पट धरावेत. हे पाच आकडे तारखेसह केबिनमधल्या वहीत लिहिले तर घसरण आधी दिसते, बिघाड नंतर येतो. यासाठी पदवी लागत नाही. जाळ्याचा आस मोजणाऱ्या हाताला मीटर जड जाणार नाही.

यातला काही भाग मात्र एकट्या नाखव्यावर सोडू नये. सरकार ट्रान्सपाँडर देते तेव्हा त्यासोबत योग्य जाडीची तार, फ्यूज आणि पक्क्या जोडणीचे साहित्य द्यावे आणि बसवणाऱ्याने भार चालू ठेवून मोजलेली तूट त्या नोंदीत लिहावी. मच्छीमार सहकारी संस्थांनी डिझेल आणि बर्फाप्रमाणे बोटीला टिकेल अशी तार, लग आणि आवळनळ्या ठेवाव्यात, एक चांगले दाबयंत्र सर्वांसाठी घ्यावे आणि पावसाळी बंदीच्या दोन महिन्यांत प्रत्येक बंदरात बोटींच्या वीजतपासणीचे शिबिर घ्यावे. आणि तांडेल-नाखव्यांना विनंती अशी: येत्या फेरीला निघण्याआधी, बोट धक्क्याला असतानाच, वायरलेसचे बटण दाबून धरा आणि सेटच्या मागे किती व्होल्ट उरतात ते मोजा. साडेअकरा दिसले तर ती तार बदलल्याशिवाय बोट बाहेर काढू नका.